विहारात म्हटलेला थर्मोग्रॅव्हिमेट्रिक

सत्याप्पांना इंग्रजी येत नाही. कन्नड येतं ते बाजारापुरतं, हिंदी रेडिओपुरतं, आणि मराठी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चालायची तशी, खणखणीत. वाचायला शिकले तेही लग्नानंतर, पोरगा भीमरत्न शाळेत जायला लागला तेव्हा, त्याच्याच पाटीवर. अशा माणसानं आपल्या गल्लीतल्या अख्ख्या विहाराकडून रसायनशास्त्रातला एक लांबलचक इंग्रजी शब्द तोंडपाठ करून घेतला, ही गोष्ट बाहेरच्या कुणाला सांगितली तर तो आधी सांगणाऱ्याकडंच संशयानं बघेल. पण ती घडली आहे, आणि त्या गल्लीतली म्हातारी माणसं आजही तो शब्द अडखळल्याशिवाय म्हणून दाखवतात. फार आग्रह करावा लागत नाही.

सत्याप्पांनी जन्मभर दोन कामं केली. आठवडाभर वखारीत तंबाखूची बोदं, म्हणजे ठासून भरलेली पोती, उचलली आणि रविवारी सकाळी विहारात वंदना सांगितली. पहिल्या कामानं घर चाललं आणि कंबर गेली. दुसऱ्या कामानं त्यांना गल्लीत मान दिला. त्यांना विचारलं तर दोन्हींबद्दल सारखंच बोलतील, कारण तक्रार हा प्रकार त्यांना फारसा जमत नाही. बायको तानीबाई दोघांच्या वाटची तक्रार करून टाकते, त्यामुळे घरात त्याची उणीव कधी भासली नाही.

वंदना सांगणं म्हणजे काय, तर एकानं पुढं बसून पाली भाषेतला एकेक तुकडा म्हणायचा आणि बाकीच्यांनी तो मागून म्हणायचा. हातात पुस्तक असो नसो, अक्षर ओळखीचं असो नसो, कानांनी घ्यायचं आणि तोंडानं द्यायचं. पंचशीलातलं पाचवं शील दारू आणि धुंदी यांपासून दूर राहण्याचं आहे. त्याची सुरुवातच ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ अशी होते. हा शब्द ऐकून नवखा माणूस दारू न पिताच डगमगतो. त्या धुंदीत तंबाखू धरायचा की नाही, यावर तंबाखूवर जगणाऱ्या त्या गल्लीत अजून एकमत झालेलं नाही.

तरुणपणी सत्याप्पाही त्याच शब्दापाशी आडवे झाले होते. तेव्हा वंदना सांगायचे मारुतीराव, नगरपालिकेतले एक झाडूवाले. त्यांनी या अंगठेबहाद्दर हमालाला एक दिवस पुढं बसवलं आणि त्याचा हात हातात घेऊन बोटाच्या एकेका पेरावर शब्दाचा एकेक तुकडा ठेवला. सुरा. मेरय. मज्ज. पमाद. ट्ठाना. “अख्खा गिळायला जाऊ नगंस,” ते म्हणाले. “तू तोड. आमी जोडतो.” आणि मारुतीराव स्वतः मागं जाऊन बसले आणि एका हमालाच्या मागून शब्द म्हणू लागले. सत्याप्पांना आपल्या आवाजाची किंमत त्या दिवशी कळली. तेव्हापासून एकही रविवार असा गेला नाही की वंदना सुरू करण्याआधी त्यांनी मनात मारुतीरावांचं नाव घेतलं नाही.

आता त्यांच्या नातीचं. भीमरत्नची मुलगी पारमिता ही घरातली पहिली एम.एस्सी., आणि बेळगावच्या अलीकडं हायवेलगतच्या विद्यापीठात तिची पीएच.डी. चाललेली. तंबाखूची पानं खुडून झाल्यावर शेतात जे दांडे उरतात, ते जाळून त्यांचा एक खास कोळसा करायचा आणि त्यानं गढूळ पाणी स्वच्छ करायचं, असं तिचं काम. सत्याप्पांना ते लई आवडलं होतं. ज्या तंबाखूनं गल्लीतल्या निम्म्या लोकांना खोकला दिला, त्याच्याकडून नात पाणी साफ करून घेतेय, यात त्यांना एक न्याय दिसायचा.

पण पारमिता लहानपणापासून अडखळत बोलायची. शब्दाच्या तोंडाशीच गाडी अडायची. थ, ग, प अशी काही अक्षरं तर दारातच आडवी पडून राहायची. शाळेत पोरं तिची नक्कल करायची, म्हणून ती गप्प राहायला शिकली, आणि गप्प राहणाऱ्या हुशार मुलीला मार्क चांगले पडत गेले. पीएच.डी.च्या शेवटी मात्र गप्प राहून भागत नाही. सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम तोंडानं सांगावं लागतं, परीक्षकांना आणि जो कुणी येऊन बसेल त्याला. आणि तिच्या प्रबंधाच्या नावातच एक शब्द बसला होता, थर्मोग्रॅव्हिमेट्रिक.

आधीच्या एका सादरीकरणात ती या शब्दावर अडकली होती. सगळे शांत बसले, कुणी हसलं नाही, पण ती शांतताच तिला खायला उठली आणि ती अर्ध्यातून खाली बसली. तिचे मार्गदर्शक सुहास सर भला माणूस. म्हणाले, नुसती आद्याक्षरं, टी.जी.ए., म्हण, चालतंय. पण प्रबंधाचं नाव काही टी.जी.ए. नव्हतं. शेवटच्या तोंडी परीक्षेत उभं राहिल्यावर पहिल्यांदा नावच सांगायचं असतं.

एका संध्याकाळी तिनं घरात सांगून टाकलं की संकेश्वरकडच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा आहे, ती घेते. पीएच.डी. राहू दे. भीमरत्ननं समजूत घालायचा प्रयत्न केला. तानीबाईनं कारखाना, विद्यापीठ आणि इंग्रज या तिघांनाही एकाच दमात झोडपलं. नोकरीत वाईट काही नव्हतं. पोरगी भिऊन चालली आहे, एवढंच सत्याप्पांना टोचत होतं.

त्या रविवारी वंदना चालू असताना त्यांचा कान एका आवाजावर गेला. पारमिता तिसऱ्या ओळीत बसून मागून म्हणत होती. पाचवं शील आलं, तो अवघड शब्द आला, आणि तिचा आवाज चार बायकांच्या आवाजात मिसळून सरळ निघून गेला. कुठं खरचटलं नाही. तोतरं बोलणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं म्हणतात, चारचौघांबरोबर म्हणताना जीभ अडत नाही. सत्याप्पांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ते हा आवाज ती पाच वर्षांची असल्यापासून ऐकत होते आणि त्यात काही विशेष आहे, हे आजवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःवरच ते थोडे चिडले.

घरी आल्यावर म्हणाले, “पोरी, तुझा त्यो शब्द सांग बगू मला.”

पारमितानं प्रयत्न केला. थ दारात आडवा पडला. तिच्याबरोबर त्या दिवशी तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण आली होती, बेळगावच्या खासबागेतली चिन्मयी. तिनं मोबाइलवर शब्दकोश काढून सत्याप्पांसमोर धरला. शब्दाचे तुकडे टिंबं देऊन वेगळे केले होते. चिन्मयीनं ते वाचून दाखवले. थर्, मो, ग्रॅव्, इ, मेट, रिक.

सत्याप्पांनी डोळे मिटून ऐकलं. एका बोटाला तीन पेरं, म्हणजे दोन बोटांत शब्द संपला. पाचव्या शीलापेक्षा हे सोपं होतं. फक्त मधे एका जागी त्यांची मान हलली.

“ह्यो ‘ग्रॅव्’ आणि ‘इ’ न्यारा का काढलाय? तोंडात तर ‘ग्रॅ-वि’ येतंय. व आन् इ एका घरातले हाईत.”

चिन्मयी हसली. “आजोबा, ही टिंबं छापणाऱ्यांसाठी असतात. ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर कुठं तोडायचा, ते सांगायला. बोलताना तुमचंच बरोबर आहे. ग्रॅ, वि. ऐका.” तिनं आवाजाच्या खुणेवर बोट ठेवलं. मोबाइलमधून एका बाईनं तो शब्द खाडकन म्हणून टाकला. चिन्मयीनं तो पुन्हा लावला. “आणि आपण सगळी अक्षरं सारखी म्हणतो ना, तसं नाही करायचं. जोर ‘मेट’वर द्यायचा. बाकीचे सगळे हळू.”

“आन् अर्थ काय त्येचा?”

हे मात्र पारमितानं सांगितलं, हळूहळू, थांबत. थर्मो म्हणजे उष्णता. ग्रॅवि म्हणजे वजन. मेट्रिक म्हणजे मोजण्याचं. एखादी वस्तू तापवत जायची आणि तिचं वजन कसं उतरत जातं ते बघत राहायचं, त्या पद्धतीचं हे विशेषण.

“म्हंजे उगंच लांबवला न्हाय शब्द,” सत्याप्पा म्हणाले. “तीन माणसं एका खाटंवर झोपल्यात एवढंच.” पारमिता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून त्यांनी ते लक्षात ठेवलं.

पुढच्या रविवारी वंदना पूर्ण झाली, माणसं उठायला लागली, तेव्हा सत्याप्पांनी हात वर केला. सगळं सांगितलं. पोरीचा शब्द आहे, ती एकटी म्हणताना अडते, आपल्याबरोबर म्हणताना अडत नाही. दर रविवारी वंदना झाल्यावर चार वेळा म्हणूया.

पहिला विरोध घरातूनच आला. “विहारात ह्ये असलं?” तानीबाई म्हणाली. “माणसं काय म्हणतील?”

सत्याप्पांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. कोट, चष्मा, हातात पुस्तक. “त्येंच्याफुडं म्हणायला काय लाजायचं हाय? त्ये सातासमुद्रापल्याड शिकून आलेत. असले शब्द म्हणल्याबिगर तिथनं सोडलं आसंल व्हय त्येंला?”

यावर तानीबाई पदर खोचून पुन्हा खाली बसली.

सुरुवातीला सत्याप्पा पुढं म्हणत आणि पारमिता सगळ्यांत मिसळून मागं. लोकांच्या तोंडी शब्द बरेच दिवस ‘थरमोगिरावी’ असा कुठल्यातरी गावासारखा ऐकू येत राहिला. जन्मभर विड्या वळलेल्या बायका वळायच्या तालावर तो म्हणायच्या. तानीबाईनं ‘मेट’ची जबाबदारी स्वतःकडं घेतली. ते अक्षर आलं की ती शेजारच्या बाकावर थाप मारायची, इतकी की बाकावरची पिशवी उडायची. कुणी विचारलं, एवढी जोरात कशाला, तर म्हणायची, चिन्मयीनं सांगितलंय.

मग एके दिवशी सत्याप्पांनी पारमिताला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागं गेले. पुढं म्हणणाऱ्याचा आवाज एकटाच असतो. तिनं तोंड उघडलं आणि थ अडला. एका माणसानं मदत म्हणून ‘थर्’ म्हणायला ओठ हलवले, तसं सत्याप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. विहाराचा नियमच होता तो. मागं म्हणणाऱ्यानं पुढं जायचं नाही, थांबायचं. सगळे थांबले. कुणी खोकलं, बाहेरून एक गाडी गेली. मग ‘थर्’ आला, आणि त्याच क्षणी सगळ्या विहारानं तो तिच्या हातातून घेतला.

त्यानंतर ती दर रविवारी पुढं बसली. कधी अडली, कधी नाही. कारखान्याच्या नोकरीबद्दल घरात पुन्हा विषय निघाला नाही. सत्याप्पांनी तो काढला नाही, कारण उत्तर ऐकायचं त्यांना धाडस नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी गल्लीतली एक ट्रॅक्स जीप भरली. ही परीक्षा कुणीही येऊन बघू शकतो, असं कळल्यावर कुणालाच घरी थांबायचं नव्हतं. भीमरत्ननं गाडी सुरू होण्याआधी सगळ्यांना बजावलं. तिथं बोलायचं नाही, मोबाइल बंद, नुसतं बघायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तानीबाईनं तर तोंडावर बोटही ठेवलं.

हॉल थंडगार होता. पुढं सुहास सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, पांढरे केस, चष्मा, चेहऱ्यावर रेष हलत नाही. मागच्या ओळीत निपाणीची मंडळी कडक इस्त्रीत ताठ बसली. पारमिता उभी राहिली. पडद्यावर प्रबंधाचं नाव आलं. सत्याप्पांना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण सर्वांत लांब शब्द कुठला ते त्यांनी लगेच ओळखलं.

नावातला सुरुवातीचा भाग तिनं म्हटला. मग एक श्वास घेतला.

“थर्-मो,” पारमिता म्हणाली, आणि थांबली.

आणि मागच्या ओळीनं, एका सुरात, विहारात म्हणतात तितक्याच मोकळ्या आवाजात म्हटलं, “थर्-मो.”

सगळ्या माना मागं वळल्या. भीमरत्ननं कपाळाला हात लावला. सत्याप्पांना स्वतःचा आवाज सगळ्यांत वर ऐकू आला आणि त्यांनी तोंडावर हात नेला. पण पुढून आवाज आला, “ग्रॅ-वि,” आणि जिभेला जन्माची सवय, ती थांबेना. “ग्रॅ-वि.” मग “मेट-रिक.” “मेट-रिक,” आणि ‘मेट’वर तानीबाईची थाप विद्यापीठाच्या बाकावर अशी बसली की परीक्षक बाईंचं पेन खाली पडलं.

लगेच पारमितानं तो शब्द एका दमात म्हटला, अख्खा, थर्मोग्रॅव्हिमेट्रिक, आणि नाव पूर्ण केलं. परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. सगळा हॉल हसला.

ते हसू सत्याप्पांच्या वर्मी लागलं. काय म्हणाल्या ते कळलं नाही, हसले तेवढं कळलं. ते उठले, वाकून ओळीतून बाहेर पडले आणि इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. पोरीनं वर्षानुवर्षं केलेल्या कष्टांवर आपण अडाण्यासारखं पाणी ओतलं, हेच त्यांच्या मनात फिरत राहिलं. समोर हायवेवरून उसाचे ट्रक जात होते. कुठल्यातरी ट्रकमागं बसून निपाणीला निघून जावं, असं त्यांना वाटलं. पण नातीला तोंड न दाखवता जाणं हे त्याहून वाईट, म्हणून बसून राहिले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आधी चिन्मयी आली, धावतच. “आजोबा, इथं काय बसलात? झालं! डॉक्टर झाली ती.”

“त्या बाई हसल्या न्हवं?”

“हसल्या ना. त्या काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, आता पुढचं सांग बाळा, मी मागून म्हणणार नाही, पण ऐकते आहे.”

सत्याप्पांना हे वाक्य पचायला थोडा वेळ लागला. तोवर पारमिता आली आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

“पुढं अडकलीस का गं?” त्यांनी विचारलं.

“अडकले की. लई ठिकाणी. पण थांबले आन् परत निघाले.”

“माझं चुकलं, पोरी. जीभ आवरली न्हाय. तू अडकलीस आन् आमी आपलं...”

“आज्जा,” ती म्हणाली, “त्या शब्दाला मी अडकले न्हवते. तुमी म्हणाल म्हणून थांबलते.”

सत्याप्पा तिच्याकडं वळून बसले.

“शाळंत मी थ-थ-थांबले की हसायचे,” ती म्हणाली. यावेळी थ खरोखरच अडला, आणि सत्याप्पा तो येईपर्यंत थांबले. “विहारात मी थांबले की माझी वाट बघायचे. तुमी मागं बसलाय म्हटल्यावर मला तिथं भ्याच वाटलं न्हाय. ह्ये तुमीच मला दिलंय, आज्जा. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.”

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. जन्मभर पाली शब्द खणखणीत म्हणणाऱ्या माणसाला त्या वेळी एक साधा मराठी शब्द सापडेना. पारमितानंही घाई केली नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, “मारुतीराव पायजे होते गं,” आणि उपरण्यानं डोळे पुसले. मागून तानीबाईचा आवाज येत होता. बाक कसा वाजला ते ती सुहास सरांना दाखवत होती आणि सर ऐकत होते.

पुढच्या रविवारी विहारात पेढे आले. सत्याप्पा आत आले, आपल्या नेहमीच्या जागेपाशी क्षणभर उभे राहिले आणि तिथं पारमिताला बसवलं. शब्दासाठी नव्हे, सगळ्या वंदनेसाठी. स्वतः तिसऱ्या ओळीत, ती बसायची तिथं जाऊन टेकले. कंबर दुखत होती, पण जागा बरी होती. मारुतीरावांना मनातल्या मनात हात जोडले आणि समोर बघितलं.

पाचवं शील आलं. पारमितानं तोंड उघडलं आणि ‘सु’पाशी अडली. सगळं विहार तिच्यासाठी थांबलं. सत्याप्पाही थांबले, ओठ किंचित उघडे, बोट पहिल्या पेरावर. “सुरा,” नात म्हणाली, आणि म्हातारा तिच्यामागून म्हणाला, “सुरा.”